जुन्या तबकड्यांची घरगुती स्वच्छता : कोणती पद्धत, कोणत्या तबकडीसाठी?

क्रॉयडनमधील कोणत्याही घरातील किटलीत डोकावले तर तळाशी पांढरा, खरखरीत थर दिसतो. पुण्याहून किंवा डोंबिवलीहून येथे नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात तो खटकतो आणि पुढे सवयीचा होतो. लंडनच्या दक्षिणेकडील खडूच्या खडकांतून झिरपत येणारे हे पाणी चुन्याने भरलेले असते. पिण्यास त्याची काही हरकत नसते. मात्र मायदेशाहून आणलेली जुनी ध्वनिमुद्रिका त्याच नळाखाली धरली, की किटलीतला तोच थर अत्यंत सूक्ष्म रूपाने तबकडीच्या खाचांत बसतो. सदोष स्वच्छतेने झालेली बरीचशी हानी नळापाशीच सुरू होते. वरवर पाहता तबकडी चकचकीत दिसते. सुई ठेवल्यावर मात्र पूर्वीपेक्षा जास्त खरखर ऐकू येते.

रेकॉर्ड जमवण्याचा छंद क्रॉयडनला नवा नाही. १९७५ मध्ये सुरू झालेले ‘बीनोज’ हे जुन्या रेकॉर्डचे दुकान एके काळी युरोपातील अशा प्रकारचे सर्वांत मोठे दुकान म्हणवले जाई. अनेक मजल्यांवर पसरलेले हे दुकान २००९ मध्ये बंद झाले, तेव्हा लंडनभरातील संग्राहकांना चुटपुट लागली. फेअरफिल्ड हॉल्स या सभागृहात १९६५ मध्ये झालेली ऑर्नेट कोलमन यांची जॅझ मैफल तबकडीवर निघाली आणि शहराचे नाव जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात पोहोचले. गेल्या दशकात रेकॉर्ड पुन्हा विकल्या जाऊ लागल्यावर त्या स्वच्छ करण्याची साधनेही बाजारात उदंड झाली. त्यांच्या माहितीपत्रकांत आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत सांगितलेले बरेचसे योग्यच असते. परंतु ते ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत छापल्या गेलेल्या तबकड्यांसाठी असते. मराठी घरातल्या संग्रहाला त्यातील काही सल्ले लागू पडत नाहीत आणि एक सल्ला तर घातक ठरतो.

आधी तबकडी कशाची, ते ओळखावे

इंग्रजी मार्गदर्शिकांत एक सोपा नियम आढळतो : १९६० नंतरची रेकॉर्ड असेल तर ती व्हाइनलची समजावी. ब्रिटनपुरता हा नियम चालतो, कारण तेथे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या सुमारास संपुष्टात आले. भारतात मात्र तसे घडले नाही. चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते, वीज सर्वत्र पोहोचली नव्हती, त्यामुळे कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यातून १९६० च्या दशकातही ७८ गतीच्या तबकड्या बाहेर पडत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात अशा तबकड्यांवर निघाली आणि आज ब्रिटिश संग्राहक त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजतात. म्हणजेच, वडिलांनी साठच्या दशकात घेतलेली भावगीताची किंवा चित्रपटगीताची तबकडी व्हाइनलची असेलच असे नाही. सालावरून केलेला अंदाज येथे फसतो.

फसला तर काय होते, हे समजून घेण्यासाठी लाखेची थोडी ओळख हवी. पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या कीटकांच्या स्रावापासून लाख मिळते. बांगड्यांसाठी, मोहोर उमटवण्यासाठी आणि लाकडावर चकाकी आणण्यासाठी ती शतकानुशतके वापरली गेली. सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, हे बहुतेकांनी लहानपणी पाहिलेले असते. ग्रामोफोन तबकड्यांसाठी साऱ्या जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग भारतातूनच जात असे. लंडनजवळच्या हेजमधील कारखान्यात छापलेल्या तबकडीतही छोटा नागपूरच्या जंगलातील लाख असण्याची शक्यता बरीच. या लाखेत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून तबकडी दाबली जाई. सुतार ज्या कारणासाठी स्पिरिट वापरतो त्याच कारणासाठी तबकडीवर ते चालत नाही : अल्कोहोल लाखेला विरघळवते. व्हाइनलसाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक तयार द्रावणांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. ते लाखेच्या तबकडीवर पडले तर पृष्ठभाग क्षणात मऊ होतो, खाचांच्या कडा वितळतात आणि कापडावर काळा डाग उतरतो. तो डाग मळाचा नसतो. ती तबकडीच असते. एकदा गेलेला स्वर मग कोणत्याही यंत्राने परत येत नाही.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. लेबलवर ७८ हा आकडा असेल, किंवा दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे असेल, तर ती लाखेची धरून चालावे. लाखेची तबकडी हाताला जड आणि ताठ लागते, कडेला नखाने हळूच टिचकी मारली तर चिनी मातीच्या बशीसारखा टणक आवाज देते आणि पडली की फुटते. व्हाइनल किंचित लवते आणि त्याचा आवाज बोथट असतो. काही ७८ गतीच्या तबकड्या व्हाइनलच्याही निघाल्या होत्या. परंतु शंका असेल तेथे लाख समजूनच वागावे, कारण लाखेसाठी सुरक्षित असलेली पद्धत व्हाइनललाही अपाय करत नाही. उलट बाजूने हे खरे नाही.

आणखी एक प्रकार क्वचित सापडतो. घरगुती समारंभात किंवा स्टुडिओत थेट कोरलेल्या एकेरी तबकड्यांवर धातूच्या पत्र्यावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप असतो. लेबल हाताने लिहिलेले, पृष्ठभागावर पांढरट मेणचट साय आणि कडेला पत्र्याची चमक दिसली, तर घरी काहीही करू नये. अशी तबकडी जगात एकच असते. ती ध्वनिसंग्रहाच्या जाणकारांकडेच सोपवावी.

पाणी आणि त्यातले मिश्रण

ब्रिटनमध्ये लिटरमागे २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट असलेले पाणी जड, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत दुष्फेन, मानले जाते. लंडन परिसरातील बहुतेक पाणी या रेषेच्या वर असते. हिशेब मांडून पाहिला तर, तबकडीच्या एका बाजूवर चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, पाणी वाळू दिले तर मागे सुमारे एक मिलिग्रॅम क्षार उरतात. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण वीस मिनिटांच्या एल. पी.च्या एका बाजूवरील खाच सरळ उलगडली तर ती चारशे मीटरहून लांब भरेल, आणि तिच्यातून फिरणाऱ्या सामान्य सुईच्या टोकाची त्रिज्या जेमतेम १८ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास असते. तेवढ्या जागेत क्षाराचा एक कणही खडकासारखा असतो. शिवाय सुईचा दोन ग्रॅम भार इतक्या सूक्ष्म बिंदूवर पडतो की त्या जागी प्रचंड दाब निर्माण होतो. धूळ असलेली तबकडी वाजवणे म्हणजे ती धूळ खाचेच्या भिंतीत ठोकून बसवणे होय. ‘आधी एकदा ऐकून पाहू, मग धुऊ’ हा मोह म्हणूनच आवरायला हवा.

क्रॉयडन बरोच्या दक्षिणेकडील काही भागांत येणारे पाणी कंपनी काही प्रमाणात मृदू करून पुरवते. तरी तेही क्षारमुक्त नसते. घरात बसवलेल्या मृदुकरण यंत्रातील पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम असते, म्हणजे अवशेष उरतोच. ब्रिटा प्रकारच्या गाळणीने थर कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यामुळे उत्तर एकच : डिस्टिल्ड किंवा डी-आयोनाइज्ड पाणी. मोटारीच्या सामानाच्या दुकानात बॅटरीसाठी पाच लिटरचा कॅन थोड्या पौंडांत मिळतो. इस्त्रीसाठी विकले जाणारे सुगंधी पाणी मात्र टाळावे. अत्तर खाचेत राहते. पहिली धूळ काढण्यासाठी नळाचे पाणी वापरलेच, तर ते वाळू न देता लगेच शुद्ध पाण्याने खळाळून काढावे. यात काटकसर शेवटी महागात पडते.

नुसते शुद्ध पाणी व्हाइनलवर मोत्यांसारखे थेंब होऊन उभे राहते आणि खाचेत उतरतच नाही. त्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य त्यात मिसळावे लागते. मोठी ध्वनिसंग्रहालये यासाठी टर्जिटॉलसारखी, विद्युतभार नसलेली अपमार्जके अत्यंत विरळ प्रमाणात वापरतात. घरगुती वापरासाठी ब्रिटनमध्ये सहज मिळणारा पर्याय म्हणजे छायाचित्रांच्या फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरले जाणारे इलफोटॉल. लिटरभर पाण्याला त्याचे काही थेंब पुरतात. अधिक घातल्याने तबकडी अधिक स्वच्छ होत नाही. फेस आणि चिकटपणा तेवढा वाढतो. स्वयंपाकघरातील भांड्यांचे द्रव स्वस्त आणि हाताशी असते, पण त्यात रंग, सुगंध आणि हात मऊ राखणारी द्रव्ये असतात. अगदीच अडले तर एका वाटीला एक थेंब आणि मग शुद्ध पाण्याच्या दोन धुण्या, एवढ्यापुरतेच ते क्षम्य.

आयसोप्रोपिल अल्कोहोलबद्दल संग्राहकांत कायमचा वाद आहे. बोटांचे ठसे, धुराचा थर आणि बुरशी यांवर ते झटपट काम करते आणि लवकर उडून जाते. दुसरीकडे, व्हाइनलमध्ये मिसळलेली स्थिरकारी द्रव्ये वारंवारच्या संपर्काने कमी होतील, ही भीती संग्रहालयांना वाटते. पाचात एक भाग अल्कोहोल असलेले मिश्रण एखाद्या फार मळलेल्या एल. पी.वर एकदा, मिनिटभर वापरून धुऊन टाकले तर हानी झाल्याचे सहसा दिसत नाही. नित्य स्वच्छतेसाठी ते वापरण्याचे काही कारणही नाही. ते ज्वालाग्राही आहे. गॅसजवळ किंवा तापणाऱ्या यंत्रात ते नको. आणि लाखेच्या तबकड्या ज्या कपाटात आहेत, त्या कपाटाजवळ त्याची बाटली नसलेलीच बरी. घरात दोन माणसे रेकॉर्ड हाताळत असतील तर चूक केव्हा ना केव्हा होतेच.

पद्धतींचा पडताळा

कोरडा ब्रश ही स्वच्छतेची पहिली पायरी, संपूर्ण स्वच्छता नव्हे. कार्बनच्या तंतूंचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन-तीन फेरे टेकवला की वरची धूळ आणि थोडा स्थितिक विद्युतभार निघतो. प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी एवढे करावे. खाचेच्या तळाशी रुतलेल्या मळाला मात्र तो स्पर्शही करत नाही. जुन्या काळी एच. एम. व्ही.च्या दुकानात मिळणारी मखमली गादी किंवा घरातला धोतराचा तुकडा यांचे काम बहुधा धूळ पसरवण्याचेच असे.

हाताने धुणे ही सर्वांत स्वस्त पद्धत, आणि नीट केली तर तिचे निकाल अनेक महागड्या साधनांच्या तोडीचे असतात. टेबलावर स्वच्छ टॉवेल, त्यावर तबकडी, लेबलवर झाकण. मिश्रण शिंपडून मऊ, बारीक तंतूंच्या ब्रशने किंवा मायक्रोफायबरच्या कापडाने खाचेच्या दिशेने, गोलाकार फिरवावे. त्रिज्येच्या दिशेने कधीही घासू नये. मग दुसऱ्या कापडाने तो मळका द्रव टिपून घ्यावा आणि शुद्ध पाण्याने हीच कृती पुन्हा करावी. चूक बहुतेकदा दुसऱ्या निम्म्यात होते. घासून सुटलेला मळ टिपला गेला नाही तर तो पाण्याबरोबर खाचेत अधिक खोल जाऊन वाळतो. ‘धुतल्यावर आवाज बिघडला’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते. एका तबकडीला सहा-सात मिनिटे लागतात. दोनशे तबकड्यांचा संग्रह असेल तर रविवार मोजावे लागतात.

उभ्या टाकीची साधने, म्हणजे अमेरिकेतील स्पिन-क्लीन किंवा जर्मनीतील नोस्टी, या श्रमात बचत करतात. तबकडी द्रवाने भरलेल्या लहान टाकीत उभी बसते, दोन्ही बाजूंना ब्रश असतात, हाताने ती तीन-चार वेळा उलटसुलट फिरवायची. शंभर पौंडांच्या आत मिळणारे हे साधन बहुतेक कुटुंबांना पुरेसे आहे. त्याचा दोष उघड आहे : दहावी तबकडी आधीच्या नऊ तबकड्यांच्या मळात न्हाते. म्हणून सर्वांत स्वच्छ तबकड्या आधी, बुरशी आलेल्या अगदी शेवटी, आणि द्रव मळकट दिसू लागण्यापूर्वीच बदलावा. टाकीतून काढल्यावर शुद्ध पाण्याची वेगळी धुणी द्यावी, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते, पण फरक तेथेच पडतो. वापरलेला द्रव गाळून पुन्हा भरण्याचा सल्ला काही साधनांसोबत दिला जातो. गाळणीतून धूळ अडते, विरघळलेले मेण आणि तेल अडत नाही.

शोषक यंत्राची कल्पना मूळची ब्रिटिश आहे. ‘द ग्रामोफोन’ या मासिकाचे तंत्र-संपादक पर्सी विल्सन यांनी मांडलेल्या रचनेवरून कीथ मंक्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र बनवले आणि बी. बी. सी.च्या ग्रंथालयाने ते वापरले. नळीच्या टोकाशी एक बारीक धागा सरकत राहतो, त्यामुळे नळी तबकडीला थेट न घासता मळका द्रव खाचेतून ओढून घेते. आजची काही शे पौंडांची घरगुती यंत्रे धाग्याऐवजी मखमलीच्या पट्ट्या वापरतात. मळ बाहेर काढून नेणे हे स्वच्छतेचे खरे काम, आणि ते या यंत्रांइतके निश्चितपणे दुसरे काही करत नाही. आवाज मात्र व्हॅक्यूम क्लीनरसारखा असतो. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर ते लावणे शेजारधर्माला धरून नाही. मखमलीच्या पट्ट्या प्रत्येक काही तबकड्यांनंतर धुवाव्यात, अन्यथा एकीचा वाळूचा कण दुसरीवर ओरखडा काढतो. धुण्याचा द्रव ओढून झाला की शुद्ध पाणी घालून पुन्हा एकदा ओढावे, पण दोन फेऱ्यांहून अधिक वेळ कोरड्या तबकडीवर शोषण चालू ठेवू नये. त्याने स्थितिक विद्युत वाढते आणि हवेतील धूळ पुन्हा चिकटते.

श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्रांनी गेल्या काही वर्षांत सर्वांचे लक्ष वेधले आहे. सोनार दागिने धुण्यासाठी वापरतात त्याच तत्त्वावर ती चालतात : कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांनी पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि त्या धक्क्याने भिंतीला चिकटलेला मळ सुटतो. कंपनसंख्या जितकी जास्त तितके बुडबुडे लहान आणि सौम्य. स्वस्त टाक्या सेकंदाला ४० हजार कंपनांवर चालतात. एस्टोनियातील डिग्रिटर हे यंत्र १ लाख २० हजारांवर चालते आणि त्याची किंमत दोन हजार पौंडांच्या वर जाते. ब्रशही न पोहोचणाऱ्या जागी हा परिणाम पोहोचतो, हे खरे. पण चिकट तेलकट थरावर नुसते पाणी येथेही अपुरे पडते, सुटलेला मळ टाकीतच तरंगत राहतो, आणि यंत्र सलग चालवले तर पाणी तापते. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या पाण्यात व्हाइनलची तबकडी वाकण्याचा धोका असतो, म्हणून मध्ये थांबावे. आधी हाताने धुऊन मग श्राव्यातीत यंत्रात घातलेली तबकडी, आणि थेट यंत्रात घातलेली तबकडी, यांत पहिलीच उजवी ठरते. एवढा खर्च कोणी करावा? हजारभर एल. पी. असलेल्याने, किंवा चार-पाच कुटुंबांनी मिळून.

लाकडाच्या डिंकाची पद्धत पाहणाऱ्याला थक्क करते. पांढरा पी. व्ही. ए. डिंक तबकडीवर जाड पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी पारदर्शक सालीसारखा सोलून काढायचा. मळ त्याच्याबरोबर निघतो. व्हाइनलला डिंक रासायनिक रीतीने चिकटत नाही, त्यामुळे तत्त्वतः हे चालते. व्यवहारात थर कुठे पातळ राहिला की तेथे तो फाटतो आणि तुकडा खाचेत अडकतो. चॅरिटी शॉपमधून एका पौंडाला आणलेल्या रेकॉर्डवर हौस म्हणून करून पाहावे. आजोबांच्या संग्रहावर नको, आणि लाखेच्या तबकडीवर तर कधीच नको, कारण तेथे डिंक ठिसूळ पृष्ठभागच उखडून आणू शकतो.

लाखेसाठी वेगळा क्रम

७८ गतीच्या तबकडीला कमी पाणी, कमी वेळ आणि अल्कोहोल शून्य, हे पथ्य पाळावे. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ उडवावी. तबकडीवर केसासारखी तडा असेल, कडा उडालेली असेल किंवा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर येथेच थांबावे. काही जुन्या तबकड्या लाखेच्या दोन पातळ थरांमध्ये वेगळा गाभा घालून बनवलेल्या असतात; तड्यातून पाणी आत गेले की गाभा फुगतो. धडधाकट तबकडीवर शुद्ध पाण्यात अपमार्जकाचे काही थेंब घातलेले मिश्रण शिंपडून रुंद, मऊ ब्रश हळू फिरवावा. ७८ची खाच एल. पी.पेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे ब्रशचे तंतू तिच्या तळापर्यंत सहज पोहोचतात. जोर लावण्याची गरज नसते. लाखेतील भुकटी आणि तंतू पाणी शोषतात, म्हणून टाकीत बुडवून ठेवू नये. टिपणे आणि शुद्ध पाण्याची धुणी मिनिटाभरात उरकावी आणि कोरड्या कापडाने लगेच पुसावे. शोषक यंत्र येथेही चालते. श्राव्यातीत टाकीत मात्र लाखेची तबकडी घालू नये. आधीच असलेली सूक्ष्म तडा वाढू शकते.

पांढरा, जाळीदार थर दिसला तर ती बहुधा मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्याची बुरशी असते, आणि इंग्लंडच्या ओलसर तळघरात ती पुन्हा जागी होते. ती झटकण्यापूर्वी तबकडी घराबाहेर न्यावी, मास्क लावावा, आणि वापरलेला ब्रश व कापड इतर तबकड्यांना लावू नये. कागदी आवरण फेकून द्यावे. बुरशी तेथेच मुक्कामाला असते. आवरणावर कोणाचे हस्ताक्षर असेल, ‘सप्रेम भेट’ असे जांभळ्या शाईत लिहिलेले असेल, तर त्याचे छायाचित्र घेऊन ते वेगळ्या पिशवीत बंद करावे. लेबलवरील शाईही पाण्याने फुटते. सन १९३० च्या दशकातील जी. एन. जोशी यांच्या भावगीतांच्या किंवा नाट्यसंगीताच्या तबकडीवर लेबल गेले, तर कोणते मुद्रण, कोणता क्रमांक, हे पुढे ओळखणे अवघड होते.

ही काळजी अतिरेकी वाटू शकते. परंतु मराठी संगीताच्या ७८ गतीच्या तबकड्यांपैकी अनेक पुढे एल. पी., कॅसेट किंवा डिजिटल रूपात आल्याच नाहीत, आणि त्यांतील काहींच्या मोजक्याच प्रती हाताशी आहेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशाच खाजगी संग्रहांच्या आधारे तबकड्यांचा इतिहास लिहीत आली. क्रॉयडनच्या माळ्यावरची ट्रंक ही कधी कधी त्या इतिहासाचे न वाचलेले पान असू शकते. दुर्मीळ वाटणाऱ्या तबकडीच्या बाबतीत धुण्यापूर्वी लेबलवरचा व शेवटच्या मोकळ्या भागात कोरलेला क्रमांक टिपून ठेवावा आणि जाणकार संग्राहकाला विचारावे. स्वच्छता त्यानंतरही करता येते.

वाळवणे आणि साठवणे

धुतलेली तबकडी भांडी निथळत ठेवण्याच्या लाकडी रॅकमध्ये उभी करून वाळवता येते. तारेच्या रॅकला आधी कापड गुंडाळावे. रेडिएटरजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. हेअर ड्रायर तर नकोच. खोलीच्या तापमानाला अर्धा-पाऊण तास पुरतो, हिवाळ्यात थोडा अधिक. पूर्ण वाळण्यापूर्वी आवरणात घातली तर बुरशीला आमंत्रण मिळते. जुने आवरण पुन्हा वापरले तर धुण्याचे श्रम पहिल्याच दिवशी वाया जातात. पॉलिथिनचे अस्तर असलेले नवे आतील आवरण तबकडीमागे काही पेन्सांत मिळते. भारतात पूर्वी वापरली जाणारी जाड, मऊ, चिकट वाटणारी प्लास्टिकची बाहेरची पिशवी काढून टाकावी. त्या प्लास्टिकमधील तेलकट द्रव्य वर्षानुवर्षांच्या दाबाने तबकडीवर धुकट डाग उमटवते, आणि तो डाग कोणत्याही पद्धतीने धुतला तरी जात नाही.

तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. लाखेच्या आणि व्हाइनलच्या वेगवेगळ्या खणांत असाव्यात आणि लाखेच्या खणावर मोठ्या अक्षरांत ‘स्पिरिट लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. धुतलेल्या तबकडीच्या नव्या आवरणावर पेन्सिलीने तारीख आणि वापरलेले मिश्रण लिहून ठेवले, तर पाच वर्षांनी पुन्हा धुवायची की नुसता ब्रश पुरेल, हे ठरवता येते. आणि सुई विसरू नये : मळकी सुई धुतलेल्या तबकडीवर ठेवली तर पहिल्याच फेऱ्यात तिचा चिकटा खाचेत उतरतो. ७८ साठी सुईही वेगळी लागते. एल. पी.ची बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी घसरते, तेथे मळ सर्वांत जास्त असतो, आणि मग धुऊनही तबकडी खराब आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. या तबकड्यांसाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई वेगळी विकत मिळते. तीच बसवून मगच धुण्याचा परिणाम कसा झाला ते ऐकावे.